प्रदेश बदलला की ट्रॅक्टरचा ब्रँड का बदलतो?

साखळीकर

गेल्या काही वर्षांत भारतात दरवर्षी ९ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले गेले आहेत आणि त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक महिंद्रा आणि स्वराज या एकाच समूहाच्या दोन ब्रँडचे आहेत. देशाची ही सरासरी मात्र कोणत्याही एका तालुक्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्यांपुढे महिंद्राच्या जोडीने जॉन डियर आणि न्यू हॉलंडही उठून दिसतात, तमिळनाडूत मॅसी फर्ग्युसनचा दबदबा आहे, राजस्थान आणि मध्य प्रदेशात आयशर अजून मान राखून आहे आणि आपल्या गोव्यातल्या शेतकऱ्याला तर ट्रॅक्टरच्या आधी पॉवर टिलर, म्हणजे मागून चालत दोन्ही हातांनी आवरायचे छोटे नांगरणी यंत्र, आठवतो. सारख्याच अश्वशक्तीच्या आणि किमतीतही फारसा फरक नसलेल्या यंत्रांबाबत एकाच देशातल्या लोकांची पसंती इतकी वेगवेगळी का असावी, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलापोटी विचारलेला नाही. डिचोली तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाला सामाईक ट्रॅक्टर घ्यायचा आहे. आमची जमीन बहुतेक मरड (उंचावरची, पावसावर अवलंबून) आणि खेर (मधल्या पातळीवरची, रेताड) आहे. थोड्या भागाला कालव्याचे पाणी मिळते, तिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे भातपीक, होते. गटात ज्याचे नातेवाईक बेळगावला आहेत तो एक नाव सांगतो, ज्याचे सासर सावंतवाडीला आहे तो दुसरे सांगतो, आणि दोघेही आपापल्या नावासाठी हमरीतुमरीवर येतात. मला स्वतःला असे वाटते की लोकप्रियता मुळात मातीवर ठरत असावी. काळ्या मातीत जे यंत्र चालते ते जांभ्याच्या उतारावर चालेलच असे नाही.

खानापूरकर

साखळीकर, मातीला आपण गरजेपेक्षा जास्त श्रेय देत आहात. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पावसाळी भातशेतीपासून अथणी-चिकोडीच्या काळ्या रानापर्यंत सर्व प्रकारची जमीन आहे, तरीही मोठ्या ट्रॅक्टरची निवड सगळीकडे जवळजवळ एकाच कसोटीवर होते, आणि ती कसोटी म्हणजे उसाची वाहतूक. माझ्या मते साधा नियम असा आहे की बँकेचा हप्ता ज्या कामावर फिटतो, त्या कामाला योग्य असलेला ट्रॅक्टर त्या भागात लोकप्रिय होतो. नांगरट वर्षातून थोडे दिवस असते. ऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, आणि मालकाच्या हातात खरा पैसा त्याच महिन्यांत येतो.

दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढायचा म्हटल्यावर ४५ ते ५५ अश्वशक्तीचे इंजिन तर हवेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आणि पुढच्या धुऱ्यावरचा भार. चढावर मागचा भार खेचताना पुढची चाके उचलली जाऊ लागली की सुकाणू हाताला हलके लागते, आणि जुना चालक तेवढ्यावरून ओळखतो की आता थांबायला हवे. उतारावर ब्रेक आणि चढावर गिअरचे टप्पे यांचा कस लागतो. आमच्याकडे लोक ट्रॅक्टरविषयी बोलतात ते रस्त्याविषयी बोलतात, शेताविषयी नव्हे.

आता गोव्याकडे पाहा. आपल्याकडे धारबांदोड्याचा संजीवनी हा एकच साखर कारखाना होता आणि त्याचे गाळप २०१९पासून बंद आहे. म्हणजे वाहतुकीवर हप्ता फेडण्याची जी थोडीफार सोय होती तीही उरली नाही. अशा ठिकाणी बेळगावच्या नातेवाइकाचा सल्ला घेऊन ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला, तर तो वर्षातले बहुतेक महिने मांडवाखाली उभा राहील.

यंत्रवेध

कृषी अभियांत्रिकी शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे थोडे लांबट लिहिण्याची सवय आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माती आणि काम या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या मिळूनही संपूर्ण उत्तर देत नाहीत. याचा उत्तम पुरावा पंजाब आहे. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे तोच गाळाचा थर आहे, तेच कालवे आहेत, तीच गव्हाची आणि भाताची पिके आहेत. तरीही अलीकडे स्वराज, सोनालिका, न्यू हॉलंड, फार्मट्रॅक, महिंद्रा अशी गर्दी आहे, तर पलीकडे अनेक दशके दोनच नावांचे राज्य आहे: लाहोरच्या मिल्लत कंपनीचा मॅसी फर्ग्युसन आणि डेरा गाझी खान येथील अल-गाझी कंपनीचा फियाट, जो पुढे न्यू हॉलंड झाला. माती एकच असताना आवड वेगळी झाली, ती कारखाना कोणाचा उभा राहिला आणि सरकारने कोणाला परवाना दिला यामुळे.

भारतातही नकाशा असाच घडला. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला तयार झाला. टॅफेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनचे उत्पादन सुरू केले. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत कंपनी उभी केली. फार्मट्रॅक बनवणारी एस्कॉर्ट्स फरिदाबादची, एचएमटी हरियाणातील पिंजोरची. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आरेखन झालेला स्वराज १९७४मध्ये मोहालीहून बाजारात आला. सोनालिका १९९०च्या दशकात होशियारपूरहून आली आणि त्याच दशकाच्या अखेरीस जॉन डियरने लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना काढला. आता ही गावे नकाशावर ठेवून त्यांच्याभोवती वर्तुळे काढली, तर आजच्या लोकप्रियतेचा निम्म्याहून अधिक नकाशा आपोआप तयार होतो. एस्कॉर्ट्सचे बळ आजही उत्तर आणि मध्य भारतात आहे आणि दक्षिण व पश्चिम भारत तिला अजून जिंकायचाच आहे.

जवळच्या कारखान्याचा फायदा वाहतूक खर्चापुरता नसतो. पहिल्या पिढीत ज्या कंपनीचे विक्रेते तालुक्याला पोहोचले, तिच्या यंत्रावर गावचे मेकॅनिक शिकले. मेकॅनिकचा हात ज्या इंजिनावर बसला, त्याचे सुटे भाग दुकानदार कपाटात ठेवू लागला. सुटे भाग मिळतात म्हणून जुन्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मिळाले, आणि जुन्याला भाव येतो म्हणून बँक आणि वित्त कंपन्या त्याच नावावर कर्ज देताना कमी कुरकुर करू लागल्या. हे चक्र एकदा फिरू लागले की दुसऱ्या कंपनीने चांगले यंत्र आणले तरी ते मोडायला बराच काळ जातो. मालकी बदलल्यानेही ते मोडत नाही. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ साली टॅफेकडे गेला, स्वराज २००७ साली महिंद्राकडे गेला, एस्कॉर्ट्सवर २०२२ साली कुबोटा या जपानी कंपनीचे नियंत्रण आले. परंतु नवीन मालकांनी तिन्ही ठिकाणी जुनी नावे राखली. शेतकरी मालकाला ओळखत नाही, नावाला ओळखतो, हे त्यांना नीट कळले होते.

लुधियानानिवासी गोंयकार

यंत्रवेधकाकांच्या लिखाणात थोडी भर घालतो. नोकरीनिमित्त पंजाबात राहत असल्यामुळे इकडचे ट्रॅक्टरप्रेम जवळून पाहायला मिळते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडायचे आणि कोण कोणाला खेचतो ते पाहायचे, या खेळाला इथे 'टोचन' म्हणतात. त्यातून स्वराज ८५५, एचएमटी ५९११ अशा मॉडेलांना मल्लासारखी प्रसिद्धी मिळते. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरीही ५९११चा चांगला राखलेला नमुना इथल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात आला की त्याच्याभोवती माणसे जमतात. यातले शेतीच्या उपयोगाचे किती आणि हौसेचे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. गोव्यात हा हौसेचा भाग अजिबात नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

खाजनवाली

तिसवाडीत आमची खाजन जमीन आहे आणि घरची शेती मी स्वतः पाहते. वरची चर्चा वाचून असे वाटले की सगळेजण इंजिनाविषयी आणि कंपनीविषयी बोलत आहेत, पण आमच्याकडे प्रश्न चाकाखाली सुरू होतो.

खाजन शेत भरतीच्या पातळीच्या खाली असते. बांध आणि मानस (पाणी अडवणारी झडपदारे) यांच्या आधाराने खारे पाणी बाहेर ठेवलेले असते, आणि पहिल्या जोरदार पावसाने क्षार धुतले गेल्यावरच शेत कामाला येते. त्या वेळी चिखल इतका मऊ असतो की दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर धुऱ्यापर्यंत रुततो आणि त्याला बाहेर काढायला दुसरा आणावा, तर तोही रुततो. त्यातच मेरा (शेतांमधले बांध) अरुंद असतात, वरून मोठे यंत्र नेता येत नाही, नेले तर मेर फुटते आणि शेजाऱ्याशी भांडण होते. म्हणून आमच्याकडे पॉवर टिलर टिकला. तिथे ट्रॅक्टर आणायचाच असेल तर तो हलका, चारही चाकांना ताकद देणारा आणि मागे लोखंडी पिंजऱ्याची चाके लावलेला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे सील. चिखलणीच्या हंगामात आमचा मेकॅनिक दर काही दिवसांनी धुऱ्याच्या तेलाचा नट सैल करून थोडे तेल बोटावर घेतो. ते काळसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखे दिसले तर समजायचे की सीलमधून पाणी आत शिरले आहे आणि आता काम थांबवून सील बदलली नाही तर बेअरिंग आणि गिअर दोन्ही जाणार. हे बोटावरचे तेल पाहून मला एखाद्या ट्रॅक्टरविषयी जेवढे कळते, तेवढे कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही. पुढच्या धुऱ्याला उघडा दांडा आणि सांधे असलेली रचना चिखलात लवकर खराब होते, आणि बंद पेटीत बेव्हल गिअर असलेली रचना अधिक टिकते. कुबोटाची लहान यंत्रे भाताच्या पट्ट्यात का पसंत केली जातात याचे एक कारण हेच आहे. जपानमध्ये ती भाताच्या चिखलासाठीच घडली आहेत.

तिसरी गोष्ट क्षारांची. खाजनात काम करून आलेले यंत्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतले नाही, तर रोटाव्हेटरची (ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या पात्यांनी माती फोडणाऱ्या अवजाराची) पाती, चाकांच्या रिंगा आणि बोल्ट एकाच हंगामात गंजून जातात. याला कोणताही ब्रँड अपवाद नाही.

कुडाळकर

खाजनवालीताई, तुमचे लिहिणे वाचून समाधान वाटले. आमच्या सिंधुदुर्गातही हीच स्थिती आहे, फक्त खारे पाणी कमी आणि शेताचे तुकडे जास्त.

पॉवर टिलरच्या बाबतीत मात्र प्रदेशानुसार पसंती बदलण्याचा नियम अगदी स्वच्छ दिसतो. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने बनवलेला 'शक्ती' हा पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशा, कर्नाटक आणि आपली किनारपट्टी असा जिथे भात आहे तिथे पोहोचला. केरळात मात्र अथाणी येथील केरळ ॲग्रो मशिनरी कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीचा 'कॅमको' घरोघरी आहे, कारण तिने कुबोटाचे तंत्रज्ञान घेऊन १९७०च्या दशकापासून स्वतःच्या राज्यात उत्पादन आणि सेवा दोन्ही दिली. कुट्टनाडची समुद्रसपाटीखालची शेती आपल्या खाजनासारखीच आहे. तरीही तिथले नाव वेगळे आणि इथले वेगळे, याचे कारण मातीत सापडणार नाही.

पण एक सांगतो. पॉवर टिलरवर प्रेम असण्याचा काळ संपत आला आहे. १३ अश्वशक्तीचे यंत्र दिवसभर दोन्ही हातांनी आवरत गुडघाभर चिखलातून त्याच्यामागे चालायचे, हे काम करायला तिशीतला मुलगा तयार होत नाही, आणि परराज्यातून आलेला मजूरही दुसऱ्या दिवशी नाही म्हणतो. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्याकडे चालक नाही. त्यामुळे २० ते ३० अश्वशक्तीच्या बसून चालवायच्या लहान ट्रॅक्टरांकडे लोक वळत आहेत, आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडचा 'लोकप्रिय ब्रँड' याच गटातून निघेल, असे मला वाटते.

साखळीकर

सर्वांचे मनापासून आभार. चर्चा वाचून आमचा प्रश्न बराच अरुंद झाला आहे. गटापुढे आता दोन पर्याय आहेत: चारही चाकांना ताकद देणारा २४ ते २८ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर, किंवा मागच्या दोन चाकांवर चालणारा ४० अश्वशक्तीच्या आसपासचा नेहमीचा ट्रॅक्टर. दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे लोक म्हणतात की मरडावर तो झपाट्याने काम उरकेल आणि चिरे, शेणखत, गवत यांची वाहतूकही करता येईल. यंत्रवेधकाका, तुलना कशी करावी?

यंत्रवेध

विक्रेत्याच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करू नका. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या चाचणीत ट्रॅक्टरचे अधिकृत मोजमाप होते. तो अहवाल मिळवा आणि त्यात तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, कारण माहितीपत्रकावरचा मोठा आकडा इंजिनाचा असतो आणि रोटाव्हेटर त्यावर फिरत नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक एकक शक्तीमागे लागणारे इंधन. तिसरी म्हणजे उचलक्षमता आणि एकूण वजन. हे तीन आकडे समोरासमोर लिहिले की कंपन्यांतील फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, असे आपल्याला आढळेल. निदान सारख्या गटातील यंत्रांत तरी आढळेल.

रोटाव्हेटरची रुंदीही ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरच्या अंतराएवढी किंवा थोडी जास्त असावी, नाहीतर चाकाचा माग तसाच मागे राहतो. २४ ते २८ अश्वशक्तीला साधारण चार फुटी रोटाव्हेटर पेलतो, ४०च्या आसपासच्याला पाच फुटी. आपल्या शेतांच्या कुणग्यांची, म्हणजे बांधांनी वेगळ्या केलेल्या तुकड्यांची, लांबी-रुंदी मोजून पाहा. जिथे प्रत्येक फेरीला वळायचे असते, तिथे मोठ्या ट्रॅक्टरचा वेग वळण्यातच वाया जातो. ब्रेक तेलात बुडलेले असावेत, कारण कोरड्या ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरले की ते भरवशाचे राहत नाहीत.

वरच्या गटाचा विचार करणाऱ्यांसाठी एक टीप देऊन ठेवतो. ५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले, त्यामुळे त्यांची किंमत आणि इंजिनाची गुंतागुंत दोन्ही वाढली. म्हणूनच बाजारात ४९ आणि काही दशांश अशा अश्वशक्तीची इतकी मॉडेले दिसतात. डिचोलीतील गटाला याची गरज पडणार नाही.

नारळीपोफळी

फोंड्याच्या कुळागरवाल्यांचे (सुपारी-नारळाच्या बागायतदारांचे) मत कोणी विचारलेले नाही, पण आम्हाला यांपैकी काहीच उपयोगी नाही. सुपारीच्या ओळींत पाट, दगडी बांध आणि मिरीच्या वेली असतात. तिथे हातातले तण काढायचे यंत्रच चालते. एवढे मात्र खरे की नाशिकच्या द्राक्षबागांत अरुंद ट्रॅक्टरांची स्वतंत्र बाजारपेठ तयार झाली, तशी काजूच्या आणि आंब्याच्या मोठ्या लागवडीसाठी आपल्याकडे होऊ शकेल. नाशिककडे फोर्स कंपनीचा 'ऑर्चर्ड' वापरणारे शेतकरी होते, आणि त्या कंपनीने २०२४ साली ट्रॅक्टरचा व्यवसायच थांबवला. ब्रँड निवडताना तो उद्या असेल का, याचाही विचार करावा.

खानापूरकर

नारळीपोफळी यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे, आणि त्याला मी आमच्या घरचा अनुभव जोडतो. नाव घेत नाही, कारण कंपनीपेक्षा विक्रेत्याचा दोष मोठा होता. ऐन पेरणीत हायड्रॉलिक पंपाचा एक छोटा भाग गेला. विक्रेता रोज 'उद्या येतो' म्हणत राहिला आणि शेवटी आम्ही दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावून काम उरकले. त्यानंतर आमच्या भावकीत त्या ब्रँडचा एकही ट्रॅक्टर आला नाही. एका तालुक्यात एखादे नाव का चालत नाही, याचे उत्तर कधी कधी एका दुकानदाराच्या वागण्यात असते आणि कंपनीच्या मुख्यालयात बसलेल्यांना ते कधीच कळत नाही.

गोव्यात तर ही गोष्ट अधिकच जाणवेल. दोन जिल्ह्यांचे राज्य, त्यात शेतीचे क्षेत्र कमी. एवढ्याशा बाजारासाठी कोणती कंपनी मोठा साठा ठेवील? सुटे भाग बेळगाव किंवा कोल्हापूरहून येणार हे गृहीत धरूनच निवड करा. ज्या मॉडेलचे भाग बेळगावच्या दुकानात रोज विकले जातात ते घेणे शहाणपणाचे, मग नातेवाइकाचा आग्रह कोणताही असो. या एका बाबतीत तुमच्या गटातल्या बेळगाववाल्याचे म्हणणे ऐकायला हरकत नाही. फक्त अश्वशक्ती त्याची घेऊ नका.

कुडाळकर

अनुदानाचाही परिणाम होतो, तो कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, आणि लहान व सीमान्त शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत मदत मिळते. मदत चाचणी झालेल्या आणि मान्य यादीतल्या मॉडेलांनाच असते. जिथे शेतकरी स्वतःच्या हिमतीवर हप्ता फेडू शकत नाही तिथे ही यादीच ब्रँड ठरवते. आपल्या किनारपट्टीवरचा बराचसा 'ब्रँडप्रेमा'चा भाग मुळात अनुदानाच्या अर्जातून आला आहे, असे मी म्हणेन. साखळीकर, गोव्यात कृषी कार्ड असल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, तेव्हा गटातल्या सर्वांची कार्डे वेळेवर नूतनीकरण करून घ्या.

साखळीकर

कार्डांचे काम हाती घेतले आहे. गटाच्या बैठकीत कुणग्यांची मापे ठेवली तेव्हा ४० अश्वशक्तीच्या बाजूचे बरेच जण नरमले, कारण आमचे निम्मे तुकडे इतके लहान आहेत की तिथे पाच फुटी रोटाव्हेटर दोनतीन वळणांतच संपतो. वाहतुकीसाठी टेम्पो भाड्याने मिळतो. चिखलणीसाठी ऐन हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, हेही सर्वांना मान्य झाले. तेव्हा लहान, चारचाकी ताकदीचा ट्रॅक्टर घ्यायचे जवळजवळ ठरले आहे. तीन कंपन्यांची मॉडेले समोर आहेत. विक्रेते प्रात्यक्षिक द्यायला तयार आहेत, पण ते एप्रिलमध्ये, मोकळ्या मैदानावर.

खाजनवाली

एप्रिलमधल्या मैदानावर तिन्ही सारखेच छान चालतील. आपल्याकडे वायंगण आहे ना? मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कालव्याचे पाणी सोडून चिखलणी सुरू होईल तेव्हा त्याच शेतात प्रात्यक्षिक मागा. विक्रेता नाही म्हणाला तर ते उत्तरच समजावे. काम झाल्यावर आपल्या मेकॅनिकला सोबत ठेवून धुऱ्याचे तेल त्याच्यासमोर काढून पाहायला सांगा, आणि सीलच्या जोडाची बाजारात काय किंमत आहे, ती कोठून मिळते आणि बदलायला किती वेळ लागतो, हे विक्रेत्याला नव्हे, मेकॅनिकला विचारा.

खानापूरकर

आणि रोटाव्हेटर आपल्याच गावातला न्या, पाती झिजलेला. विक्रेता कोऱ्या पात्यांचा, हलका रोटाव्हेटर घेऊन येतो आणि त्यावर कोणतेही इंजिन दमत नाही. तिन्ही ट्रॅक्टरांना एकच रोटाव्हेटर, एकच कुणगा आणि चालकही एकच द्या. टाकी आधी काठोकाठ भरून घ्या आणि काम संपल्यावर मापाने पुन्हा भरा. म्हणजे कोणत्या यंत्राने किती डिझेल प्यायले, यावर गटात वाद होणार नाही.